भरती आल्यावर त्यांनी उभं कुठे राहायचं?

मा. अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण,
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, सिडको,



तीन कचेऱ्यांना मिळून एकच पत्र लिहिण्याचा प्रघात नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तिघांना एकत्र आणि उघडपणे लिहिते आहे. कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना तुमच्या हद्दी माहीत नाहीत. शिवडीच्या जेट्टीसमोरचा चिखल मुंबई बंदराचा, पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर आणि उरणच्या पाणथळी, वरच्या अंगाला सीवूड्स-नेरुळची तळी सिडकोच्या नकाशावर. मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली, सिडको १९७० साली, आणि न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं १९८९ साली. कारभार तीन, पण पाणी एकच आहे, आणि त्या पाण्याची भरतीही एकच आहे. मला बोलायचं आहे ते त्या भरतीबद्दल, आणि तेही चैत्र-वैशाखातल्या.

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, पळस आणि कोकीळ आठवतात. बंदरातला वसंत चिखलात येतो. शिवडी स्टेशनवर पूर्वेला उतरावं, गोदामं आणि ट्रकांच्या रांगा ओलांडून जेट्टी गाठावी. कलंडलेली जुनी गलबतं, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, अटल सेतूचे खांब, आणि या सगळ्याच्या मधोमध ओहोटीला उघडा पडलेला करडा, चकाकणारा चिखल. पहिल्यांदा येणाऱ्याच्या नाकाला तो आधी जाणवतो, डोळ्यांना मागाहून. त्या चिखलावर मार्च महिन्यापासून रंग चढायला लागतात.

आधी कुरव. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे गाठ्यांसाठी झेपावणारे पांढरे पक्षी, ते हेच. हिवाळाभर त्यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे एक काळसर ठिपका तेवढा. मार्चमध्ये बघता बघता डोक्यावर गडद तपकिरी टोपडं चढतं, आणि एप्रिल सरेपर्यंत बहुतेक कुरव निघून जातात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर अंडी घालतो. मुंबईकरांच्या हातचे गाठ्ये खाऊन हिमालय ओलांडणारा हा बहुधा एकमेव प्राणी असावा. (लाँचवर गाठ्ये विकणाऱ्यांवर माझा राग नाही. पण तळलेलं बेसन हा कुठल्याही पक्ष्याचा आहार नव्हे. त्या कागदी पुड्या घेऊ नका, एवढं जाता जाता सांगते.)

मग चिखलातले लहान पक्षी. शिवडीला येणारा प्रत्येक कॅमेरा रोहित पक्ष्यांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे वळतो, आणि त्यात नवल काही नाही. क्षितिजापर्यंत गुलाबी पसरलेली रांग कुणालाही खिळवून ठेवते. २०१९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) मोजणीत या परिसरात लाखाहून अधिक रोहित भरले होते. पण त्यांच्या पायांशी धावपळ करणारे जे हजारो करडे ठिपके असतात, त्यांना लोक ‘चिमण्या’ म्हणून सोडून देतात. जानेवारीत तसं म्हणणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. तेव्हा ते सगळे खरोखरच एकसारखे करडे असतात आणि त्यांना ओळखताना जाणकारांचीही वादावादी होते. एप्रिलमध्ये मात्र त्याच ठिपक्यांना नावं फुटतात. कर्ल्यू सँडपायपर नावाचा वाकड्या चोचीचा तुतवार छातीपासून पोटापर्यंत विटकरी लाल होतो. छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो आणि डोळ्यांवर काळा मुखवटा येतो. ग्रे प्लॉव्हर हिवाळ्यात नावाप्रमाणे राखाडी, तो गळ्यापासून पोटापर्यंत काळाभोर व्हायला लागतो. लांब चोचीच्या ब्लॅक-टेल्ड गॉडविटच्या मानेवर गंजाचा रंग येतो. एकाच थव्यात अर्धे रंगलेले, पाव रंगलेले आणि अजून करडेच राहिलेले पक्षी शेजारी शेजारी चरत असतात. हे दृश्य हिवाळ्यात येणाऱ्या पर्यटकाला कधीच दिसत नाही. मला विचाराल तर शिवडीचा खरा हंगाम मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा. तेव्हा ऊन असतं, घाम असतो, आणि जेट्टीवर सावलीला एक झाडही नसतं.

हे रंग पुढच्या प्रवासाच्या तयारीचे असतात. कर्ल्यू सँडपायपरचं वजन हिवाळ्यात पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याएवढं. त्याला इथून निघून सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात पोचायचं असतं. तिथे जूनमध्ये बर्फ वितळतं आणि काही आठवड्यांत पुन्हा थंडी येते. तेवढ्या अवधीत जोडीदार, अंडी आणि पिल्लं, सगळं उरकायचं. उशीर झाला तर ते वर्ष वाया. निघण्याआधी हे पक्षी अंगात चरबी साठवतात. या गटातल्या काही जातींचं वजन दीडपट होतं, काहींचं दुपटीच्या जवळ जातं. विमानात इंधन भरावं तसा हा प्रकार, फरक इतकाच की इंधन इथल्याच चिखलातून एकेक किडा, एकेक बारीक शिंपला वेचून भरायचं असतं. म्हणून वसंतातला प्रत्येक तास त्यांच्यासाठी हिवाळ्यातल्या तासापेक्षा महाग असतो. कुत्र्याने थवा उठवला, फोटोसाठी कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ड्रोन सोडला, की त्या दिवशी जमवलेल्या चरबीतला काही भाग हवेत जळतो.

यातल्या कितीतरी जाती उताराला लागल्या आहेत. २०२४ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने आपली लाल यादी सुधारली तेव्हा कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लॉव्हर या दोघांनाही ‘असुरक्षित’ गटात टाकलं. ग्रे प्लॉव्हर तर त्याआधी ‘चिंता नको’ या गटात सुखाने बसलेला होता. शिवडीला दुर्बीण लावली की आजही हे दोन्ही दिसतात. त्यामुळे ते दुर्मीळ होत चालले आहेत यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आता भरतीकडे येते. तुमच्या कचेऱ्यांत भरतीचं छापील कोष्टक भिंतीवर असतं. कोकणात जुन्या लोकांना ते लागत नाही. ते तिथीची पाऊणपट करतात आणि तितक्या वाजता भरती सांगतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळ थोडं पुढेमागे होतं, पण हिशेब बसतो. त्या साध्या हिशेबात आपल्या बंदराची एक खास गोष्ट दडलेली आहे. सर्वांत मोठी भरती, म्हणजे उधाण, इथे नेहमी दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आसपासच येते. पाणी साडेचार मीटरच्या वर, कधी पाच मीटरच्या जवळ चढतं. शिवडी, माहुल, ठाणे खाडी, सगळीकडचा चिखल त्या दोन वेळांना पूर्ण बुडालेला असतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत थोडाफार काठ उघडा राहतो, उधाणाला तोही नाही.

मग चिखलावरचे हजारो पक्षी जातात कुठे?

रोहितचे पाय लांब असतात, तो काही काळ पाण्यात उभा राहू शकतो. छोट्या चिखल्याचे पाय बोटभर. त्यांना पोहत राहून विश्रांती घेता येत नाही, झाडावर बसता येत नाही, तिवरांच्या दाटीत शिरायची त्यांची छाती होत नाही. त्यांना हवी असते उघडी, सपाट जागा. चारही बाजूंनी दूरवर दिसेल अशी, घोट्याइतक्या पाण्याची किंवा नुसत्या ओल्या मातीची, कुत्र्यामाणसांपासून लांब. खाजणं, मिठागरं, बांध घातलेली उथळ तळी. तिथे ते भरतीचे तीन-चार तास एका पायावर उभे राहतात, चोच पाठीत खुपसून झोपतात, पिसं नीट करतात. पाणी उतरायला लागलं की थवे उठून पुन्हा चिखलावर. बीएनएचएसने ठाणे खाडीच्या अभ्यासात अशा जागांना खाडीच्या ‘सॅटेलाइट’ पाणथळी म्हटलं आणि सहा जागा मुद्दाम नोंदवल्या. भांडुपचं उदंचन केंद्र, नवी मुंबईत टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलाजवळची तळी, आणि उरण तालुक्यात बेलपाडा, भेंडखळ, पाणजे-फुंडे.

या पत्रात मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपण पक्ष्यांचं जेवणघर राखलं आणि त्यांची विसाव्याची जागा वाऱ्यावर सोडली. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, जवळजवळ १७ चौरस किलोमीटर. २०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, त्यांसाठी झटणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. पण शिवडीचा चिखल त्या अभयारण्याच्या बाहेर आहे, आणि सीवूड्सपासून उरणपर्यंतच्या भरतीच्या जागाही बाहेरच आहेत. अभयारण्याला भरती माहीत नसते. दिवसात दोनदा पाणी चढतं आणि कायद्याने राखलेले पक्षी न राखलेल्या जागेत जाऊन उभे राहतात.

सिडकोच्या संचालकांना यातलं बरंच ठाऊक आहे, कारण गेल्या काही वर्षांत वाद तुमच्याच दारी आले. एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि घरं बांधण्याचा बेत २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने रोखला, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या डीपीएस तळ्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तळं सुकत गेलं, आणि दिशा चुकलेले रोहित रस्त्यांवर, वस्तीत सापडले. काही जखमी झाले, काही मेले. त्याच वर्षी नेरुळच्या जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकावर आपटून रोहित मेले आणि तो फलक काढावा लागला. पुढे २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. त्या निर्णयाचं स्वागत करताना एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तळं राखीव झालं म्हणून त्यात पाणी आपोआप येत नाही. कागदावरच्या शिक्क्यापेक्षा बांधाखालची एक मोरी तिथे जास्त कामाची आहे. ती महिन्यातून दोनदा, उधाणाच्या आधी साफ आहे की नाही हे पाहणारा माणूस हवा. त्याला पदवी असण्याची गरज नाही. खारजमिनीच्या गावांत उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, असा माणूस पूर्वापार असायचा, आणि शेत वाचायचं की बुडायचं हे त्याच्यावर ठरायचं.

तळं मारण्याचे तीन मार्ग मी पाहिले आहेत. भराव टाकणं हा सगळ्यांना कळणारा, त्यावर निदान आरडाओरडा होतो. पाणी तोडणं हा दुसरा. तो गुपचूप होतो, आणि सुकलेल्या जागेकडे बोट दाखवून ‘इथे पाणथळ होतीच कुठे?’ असं विचारता येतं. तिसरा मार्ग सर्वांत सभ्य. त्याचं नाव सुशोभीकरण. तळं खोल करायचं, काठाला दगडी पायऱ्या, भोवती चालायला वाट, रंगीत दिवे, मध्ये कारंजं, प्रवेशद्वारावर फायबरचा फ्लेमिंगो. लोक खूश, फोटो छान, आणि एकाही चिखल्याला पाय टेकायला जागा नाही. उथळपणा हाच त्या तळ्याचा गुण होता, तो आपण पैसे खर्च करून घालवतो.

दिव्यांचं मी मुद्दाम म्हणते, कारण आपल्याकडे दुसरं उधाण मध्यरात्री येतं हे विसरलं जातं. पक्षीनिरीक्षक दुपारचा थवा मोजून घरी जातात. रात्री बारा वाजता तेच पक्षी पुन्हा त्याच तळ्यावर असतात, आणि तिथे झगझगाट असेल तर ते दुसरी जागा शोधत अंधारात फिरतात. शहरावरून, तारांवरून, इमारतींमधून.

आणि विमानतळाजवळून. इथे मला एका युक्तिवादाला उत्तर द्यायचं आहे, कारण तो आता वरचेवर ऐकू येईल. २०२४ च्या २० मे रोजी रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि घाटकोपरच्या वस्तीत चाळीसच्या आसपास मेलेले पक्षी पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ‘विमानतळाजवळ पक्षी नकोत, म्हणून पाणथळी नकोत,’ असं म्हणणारे भेटतात. विमानाची सुरक्षितता आधी, यात दुमत नाही. माझेही नातलग विमानाने येतात-जातात. पण पाणथळ मिटवली म्हणून भरती मिटत नाही, आणि भरती आहे तोवर पक्ष्यांना कुठेतरी उभं राहावंच लागणार. ठरलेली, शांत, धावपट्टीपासून लांबची जागा काढून घेतली तर ते नवी सपाट, उघडी, चारही बाजूंनी दूरवर दिसणारी जागा शोधतील. अशी जागा शहरात सर्वांत मोठी कुठली आहे, हे विमानतळाच्या अभियंत्यांना सांगायला नको. बीएनएचएसनेही या धोक्याकडे आधीच लक्ष वेधलं आहे. नेरुळ-सीवूड्सची तळी जिवंत ठेवणं हा विमानतळाच्या सुरक्षेचाच भाग मानायला हवा.

न्हावा-शेव्याच्या अध्यक्षांना थोडकं लिहिते. उरणच्या पाणथळी पूर्वी पक्षीनिरीक्षकांचं माहेर होतं. पाणजेच्या पाण्याच्या वाटांवरून वाद कैक वर्षं चालू आहे, जमीन कुणाची आणि मोऱ्या कुणी बंद केल्या यावर कागद फिरताहेत. तुम्ही त्या भागातले सर्वांत मोठे शेजारी आहात आणि तुमच्या शब्दाला वजन आहे. शिवाय वाढवणचं नवं बंदर उभारणाऱ्या कंपनीत बहुतांश वाटा तुमचा आहे. बंदर बांधताना खोली, लाटा, गाळ यांचे अभ्यास होतात. भरतीच्या वेळी त्या किनाऱ्यावरचे पक्षी कुठे उभे राहतात, याचा साधा नकाशा तिथे काम पुढे जाण्याआधी व्हावा. उरणमध्ये तो आधी झाला असता तर आजचे निम्मे तंटे उद्भवले नसते, असं माझं मत आहे.

मुंबई बंदराच्या अध्यक्षांना आधी धन्यवाद देते, आणि त्यात उपरोध नाही. शिवडीचा चिखल आजवर टिकला तो बऱ्याच अंशी बंदराच्या कुंपणामुळे. शहरात समुद्राकाठची प्रत्येक मोकळी जागा कुणी ना कुणी बळकावत असताना पूर्व किनाऱ्यावर गोदामं, गलबतं आणि ‘प्रवेश निषिद्ध’च्या पाट्या होत्या, आणि पक्ष्यांना तेवढं पुरलं. आता पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे निघत आहेत. लोकांना समुद्र दिसावा, हे मलाही हवं आहे. पश्चिमेच्या लोकांना चौपाट्या आणि पूर्वेच्या लोकांना भिंती, हा अन्याय दीडशे वर्षं चालला. पण शिवडीला नरिमन पॉइंटची नक्कल नको. जेट्टीवर लाकडाची किंवा चटयांची एक साधी आडोशाची भिंत, तिच्यात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, वर छप्पर, बसायला बाकं, स्वच्छतागृह, आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा. रात्री दिवे बंद. एवढ्यावर शाळांच्या सहली, आजी-आजोबा, कॅमेरेवाले, सगळे मावतात. अटल सेतूच्या शिवडीकडच्या भागात आवाज अडवणारे पडदे बसवण्याइतका विचार झाला होता. जेट्टीवरही तितकाच व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

एक अवघड मुद्दा टाळता येणार नाही. खारफुटी वाढली म्हणजे पक्ष्यांचं भलं झालं, हा समज अर्धाच खरा आहे. तिवरं किनारा धरून ठेवतात, मासळीची पिल्लं वाढवतात, त्यांना हात लावू नये हेच योग्य. पण गाळ साठून उघड्या चिखलावर तिवरं पसरली की चिखल्या-तुतवारांचं कुरण तेवढं आक्रसतं. म्हणून ‘भरपाई’ म्हणून जिथे तिथे, उघड्या चिखलावरसुद्धा रोपं लावण्याचे कार्यक्रम घेणाऱ्यांनी आधी तिथे ओहोटीला कोण चरतं ते बघावं. कांदळवन कक्षातल्या जाणकारांना हे माहीत आहे. वृक्षारोपणाच्या फोटोसाठी येणाऱ्या पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आम्हा पक्षीनिरीक्षकांच्या कारभारालाही एक खोट आहे. आपल्या देशातली पाणपक्ष्यांची मोठी गणना, आशियाई पाणपक्षी गणना, जानेवारीत होते. १९८७ पासूनची ती शिस्त मोलाची आहे आणि तिच्यामुळेच आपल्याला थोडंफार कळतं. पण जानेवारीच्या आकड्यांवरून एखाद्या तळ्याचं महत्त्व ठरवलं की वसंतातली गर्दी हिशेबातच येत नाही. एप्रिलमध्ये दक्षिणेकडचे पक्षी उत्तरेला जाता जाता इथे थांबतात, चरतात आणि पुढे जातात. शिवाय गेल्या वर्षी जन्मलेली बरीच कोवळी पिल्लं पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत, पावसाळाभर इथेच राहतात. ‘मेनंतर पक्षी नसतात, तेव्हा काम उरका,’ असं ठेकेदाराला सांगणाऱ्या अहवालात ही पिल्लं नसतात. रोहितही मेअखेरपर्यंत, पाऊस लांबला तर जूनपर्यंत रेंगाळतात आणि मग गुजरातकडे जातात. २०२२ साली बीएनएचएसने इथल्या सहा रोहितांना टॅग लावले, तेव्हा त्यांची गुजरातची वाट नकाशावर दिसली. आपल्या भरतीच्या जागा बिघडल्या तर त्याचा हिशेब कच्छच्या रणातल्या वसाहतीत लागतो.

मला हवंय ते फार नाही आणि महागही नाही. येत्या एप्रिलमध्ये, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या एखाद्या दिवशी, तिन्ही कचेऱ्यांनी आपला एकेक अभियंता दुपारी बाराला भरतीच्या जागांवर पाठवावा. शिवडी, टीएस चाणक्य, एनआरआय, डीपीएस, बेलपाडा, भेंडखळ, पाणजे. सोबत बीएनएचएसचा एखादा जाणकार आणि त्या त्या गावचा एक कोळी घ्यावा, कारण पाणी कुठून येतं हे त्यालाच नीट सांगता येईल. कुठल्या तळ्यात पाणी आलं, कुठे नाही आलं, कुठली मोरी बुजली आहे, एवढंच लिहून आणावं. रात्री बाराला पुन्हा एक फेरी मारून दिव्यांची नोंद करावी. बुजलेल्या मोऱ्या पावसाळ्याआधी उघडाव्यात. मार्च ते मे या काळात, भरतीच्या आधीचे नि नंतरचे दोन तास, या जागांच्या काठाला यंत्रं चालवू नयेत. आणि तिन्ही कचेऱ्यांनी मिळून एक अधिकारी नेमून त्याचं नाव व दूरध्वनी जाहीर करावा, म्हणजे तळं सुकताना दिसलं तर कळवायचं कुणाला, हे काठावरच्या रहिवाशांना समजेल.

कुठल्या दिवशी जायचं ते ठरवा, तिथी पंचांगात आहेच. एक प्रत आम्हा नागरिकांसाठी तुमच्या फलकावर लावा.

आपली,
बंदराच्या काठची एक रहिवासी